काडीचं खालचं टोक

३ फेब्रुवारी

प्रिय भिंगवाली,

मायना लिहिण्यातच सकाळ गेली. चि. सौ. लिहावं, तर त्यातलं सौ. कोर्टाने काढून घेतलं, आणि चि. लिहायचा हक्क मला उरला की नाही ते कुणी सांगितलं नाही. सून म्हणावं तर तू आता माझी सून नाहीस. शेवटी चिडवायला ठेवलेलं नावच बरं वाटलं. ते तरी कुठल्या कागदावर नव्हतं.

जाताना दारात तू म्हणाली होतीस, "फोन तेवढा करू नका. तुमचा आवाज ऐकला तर माझा पाय निघायचा नाही." पाय तुझा केव्हाच निघाला, पण मी शब्द पाळला. पत्राला आवाज नसतो, तेव्हा हा नियमभंग धरायचा नाही, असं माझं मीच ठरवलंय. उत्तर आलं नाही तरी मी रागावणार नाही. आणि रागावले तरी तुला कुठे दिसणार आहे!

दुकानाच्या पत्त्यावर लिहितेय. माझ्या चष्म्याच्या घरावर छापलेला तेवढाच पत्ता माझ्याकडे आहे. तू राहतेस कुठे, ते मला माहीत नाही.

कामाचं बोलते. आपली जास्वंद जाणार. अंगणात फरशी बसवायची ठरली आहे, कारण गाडी उभी करायला जागा पाहिजे. माझ्या लेकाला, घुम्याला, गाडी चालवता येत नाही हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे. तरीही गाडी येणार आहे. पुढचं विचारू नकोस.

तू ती आणलीस तेव्हा मी किती हसले होते! डोळ्यांच्या दवाखान्यात शिकाऊ होतीस तेव्हाची गोष्ट. तिथल्या मागच्या अंगणातली एक वाळकी काडी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आलीस आणि माझ्यासमोर मातीत खुपसलीस. मी म्हटलं, "बाई गं, फुलवाल्याने फसवलं की काय?" तू काही बोलली नाहीस. पुढच्या वर्षी पहिलं फूल आलं, पिवळंधमक, पोटात गडद लाल, आणि तू ते माझ्या शिलाई मशीनवर आणून ठेवलंस. बोलली तेव्हाही नाहीस. नुसती बघत राहिलीस माझ्याकडे, आणि मला हार मानावी लागली.

आता ती माझ्या खिडकीच्या वरपर्यंत गेली आहे. काम करताना मान वर केली की तीच दिसते. या घरात दिवसभर माझ्यासमोर कुणी असतं, तर ती.

रोपवाला म्हणतो मोठं झाड हलवून जगायचं नाही, पण फांद्या छाटून काड्या लावल्या तर त्यातून तेच झाड पुन्हा उभं राहतं. बीचं झाड कसं निघेल सांगता येत नाही म्हणे. काडीचं मात्र तेच, तसंच पिवळं, तसंच पोटात लाल. तेव्हा मी तुला काड्या पाठवणार आहे. नको असतील तर टाकून दे, पण मला कळवू नकोस.

खाली सही काय करावी ते सुचत नाही. तशीच सोडते.

१० फेब्रुवारी

भिंगवाली,

या पत्रासोबतच्या खोक्यात ओल्या सुती कापडात गुंडाळलेल्या काड्या आहेत. खोकं बुटांचं आहे. ते घुम्याने शोधून दिलं. त्याचं असं झालं की मी अंगणात फांद्या निवडत होते, तो मागे येऊन उभा राहिला.

"तिला पाठवतेस?"

"हो."

"बरं."

आणि आत गेला. मला वाटलं, झालं, बोलणं संपलं. तर हा आपल्या नव्या बुटांचं खोकं रिकामं करून घेऊन आला. झाकणाला भोकंही पाडून आणली होती, हवा लागायला. बूट तसेच उघडे पडलेत कपाटाखाली. हा मुलगा बोलला असता ना वेळेवर, तर मी आज पत्र लिहीत बसले नसते. जाऊ दे. तोंडाला कुलूप आणि किल्ली त्याची त्यालाच सापडत नाही.

छाटणीची कात्री रोपवाल्याकडून मागून आणली. माझी कात्री मी फांदीला लावणार होय? लहानपणी घुम्याने त्या कात्रीने वहीचं पान कापलं होतं, तर त्याची पाठ मी लाल केली होती. रोपवाल्याने सूचनाही दिल्या.

"बाई, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या. फार कोवळी नको, फार जून नको. पानं सगळी काढा, वाटेत कुजतील. आणि खालचं टोक तिरकं कापा, वरचं सरळ."

"तिरकं का?"

"म्हणजे लावताना उलटं होत नाही. तिरकं ते जमिनीत, सरळ ते आभाळाकडे."

ऐकलं, मान डोलावली, घरी येऊन पहिली फांदी हातात घेतली आणि हात ऐकेचना. उभा जन्म सरळ कापण्यात गेला. तिरकं कापलं म्हणून गिऱ्हाइकं भांडली आहेत माझ्याशी, आणि आता मुद्दाम तिरकं? दोन कापल्या, त्याही सरळच आल्या. मग म्हटलं, मरू दे, आपली पद्धत काय वाईट आहे? दोन्ही टोकं सरळ कापली आणि मशीनवरच्या रिळाचा लाल दोरा प्रत्येकीच्या एका टोकाला बांधला, आपण बांधतो तसा. तुला काय सांगायचं वेगळं!

सरळ, निरोगी काड्या तुझ्या खोक्यात आहेत. वाकड्यातिकड्या मी इथे कुंड्यांत लावणार होते, पण खाली वाकले ती वर येताच येईना. कमरेत उसण भरली. घुम्याने मला धरून आत आणलं आणि उरलेल्या त्यानेच लावल्या. मशीनवर बसता येतं, कुंडीपर्यंत जाता येत नाही.

कुंडी सावलीत ठेव. पाणी बेताने घाल, तुझा हात पाण्याला सैल आहे. बाकी तू जाणतेस.

१ मार्च

भिंगवाली,

कुरियरवाला म्हणतो पार्सल पोचलं, सहीही आहे. मी म्हटलं सही दाखव. त्याने मोबाइलवर एक रेघ दाखवली. रेघ तुझी की दुकानातल्या पोराची, ते काही त्यावरून कळेना. तरी मी ती बराच वेळ पाहिली.

जास्वंद गेली. दोन माणसं आली, चहा प्यायली, आणि चहापेक्षा कमी वेळात काम उरकून गेली. मला वाटलं होतं ती निदान थोडी झुंजेल. मी मशीन चालवतच राहिले. एका ब्लाउजची बाही दोनदा उलटी लावली आणि दोनदा उसवली.

फरशी छान बसली आहे. करडी. पाय घसरत नाही. आता खिडकीतून गाडीची मागची काच दिसते. काचेत माझीच खिडकी दिसते आणि खिडकीत मी. म्हणजे दिवसभर मान वर केली की मीच माझ्याकडे बघते.

गाडी कुणाची ते लपवून आता काय मिळणार आहे? घुम्याचं लग्न झालं. कचेरीत जाऊन सह्या केल्या, मीही एक केली. गेल्याच आठवड्यात. गाडी तिची आहे. मी हे आधी लिहिलं नाही, कारण आधी लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, म्हातारी झाडाच्या काड्यांच्या आडून ही बातमी द्यायला आली. तसं नव्हतं. काड्या काड्यांसाठीच होत्या.

बाई वाईट नाही हो. वाईट असती तर सोपं गेलं असतं. येताना माझ्यासाठी मऊ चप्पल घेऊन आली, एक माप मोठी. मी ती घालते आणि घरभर फटफट करत फिरते. तिला फटफट ऐकू आलं की बरं वाटतं, आपली वस्तू वापरतात म्हणून. ती मला "मावशी" म्हणते. आई हा शब्द मीच तिला दिलेला नाही, ती बिचारी कुठून आणणार!

पण एक आनंदाची बातमी आहे, तीच सांगायला लिहायला बसले होते. कुंड्या आता कुंपणाच्या भिंतीलगत आहेत आणि खिडकीतून दिसतात. काड्यांच्या शेंड्यांना लाल कोंब आलेत! सगळ्यांना! इवलेइवले, लालभडक. जास्वंदीचा कोंब सुरुवातीला तांबूसच असतो ना? कंबर अजून धरलेली आहे, पायऱ्या उतरून कुंडीपाशी वाकता येत नाही, पण सकाळी खिडकी उघडली की मी आधी तेच बघते. घुम्याला म्हटलं, "तुझ्या हाताला गुण आहे रे." तो चक्क लाजला.

तुझ्याकडेही फुटले असतील. नुसतं हो की नाही एवढं कळवलंस तरी चालेल. पहिल्या पत्रात म्हटलं होतं कळवू नकोस, ते मागे घेते.

२२ मार्च

पोरी,

आज चिडवायच्या नावाने हाक मारवत नाही.

कंबर सुटली. सकाळी मऊ चपला फटफटवत कुंड्यांपाशी गेले. खाली वाकून कोंबांना बोट लावलं. कोंब नव्हते गं. दोरे होते. माझेच लाल दोरे, प्रत्येक काडीच्या डोक्यावर, गाठीसकट. तीन आठवडे मी खिडकीत बसून दोऱ्यांची वाढ बघत होते. तू काढलेल्या नंबराचा चष्मा अजून नाकावर आहे, पण त्याच्यामागचे डोळे तेव्हाचे राहिले नाहीत.

आधी मला हसू आलं. मग डोक्यात उजेड पडला. दोरे वर का?

घुम्याला हाक मारली. "अरे, दोरा वर का ठेवलास?"

"खूण आहे ना? खूण वरच असते."

"कोण म्हणालं?"

"दिसायला नको का? जमिनीत पुरली तर खुणेचा उपयोग काय?"

यात त्याचं काय चुकलं? शहाण्यासारखाच विचार केला त्याने. जगात कुणीही असाच करेल. सगळ्या काड्या त्याने नीट ओळीत, सारख्या अंतरावर, डोक्यावर उभ्या केल्या होत्या. उपटून बघितल्या. मातीतली टोकं काळी पडली होती, वरची वाळून कोळ झाली होती. एक जरा हिरवी वाटली, तर हातातच मोडली. रोपवाल्याला दाखवल्या. तो म्हणाला, "बाई, मी तिरकं कापा म्हटलं होतं ना." मी मान खाली घातली आणि त्याची कात्री परत देऊन आले.

आणि आता मला दुसरं काही सुचत नाही. तुझ्या काड्यांनाही तसेच दोरे आहेत. दोन्ही टोकं तशीच सरळ आहेत. आणि कुठलं टोक खाली, हे मी पत्रात लिहिलंच नाही! "आपण बांधतो तसा," एवढं लिहून मोकळी झाले. जणू तू अजून माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली आहेस.

तुला ते पडद्याचं काम आठवतं का? नाट्यगृहाचा मखमली पडदा, ही खोलीभर मखमल, आपण दोघी त्यात बुडालेल्या. तू दुकानातून सुटलीस की येऊन शिलाईला बसायचीस. मी सांगत होते, मखमलीला लव असते, हात फिरवून बघायचा, मऊ लागेल ती दिशा खाली. तू "हो हो" म्हणालीस आणि एक पट्टा उलटा जोडलास. पडदा टांगला तर मधला पट्टा वेगळ्याच रंगाचा! नाट्यगृहवाला तोंडाकडे बघत राहिला. तिथेच, रंगमंचावर बसून, आपण तो उसवला, आणि तुला हसू आवरेना, आणि तुझं बघून मला. तेव्हापासून आपण प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या टोकाला लाल दोरा बांधायला लागलो. तू विचारलंस, "वर का नाही बांधायचा?" मी म्हटलं, "वरची बाजू टांगली की अडकून बसते, दोरा काढायला शिडी कोण लावणार? पायाकडचा बसल्या जागी ओढून काढता येतो." तुला ते इतकं आवडलं की महिनाभर तू घरातल्या प्रत्येक टॉवेलला, चादरीला खाली दोरा बांधत होतीस. घुम्या वैतागला होता.

ही गोष्ट जगात दोघींनाच ठाऊक. आणि त्यातली एक विसरली असेल तर? का विसरू नये? तुला आता माझी मखमल कशाला आठवायला हवी? माणूस एक घर सोडून जातं, तेव्हा तिथले दोरेसुद्धा बरोबर घेऊन जातं थोडंच.

रोपवाला म्हणतो नीट पाहिलं तर कळतं, काडीच्या प्रत्येक डोळ्याखाली पानाचा वण असतो. पण इतकं कोण बघतं? तू डोळे तपासतेस खरी, पण माणसांचे.

इथल्या सगळ्या गेल्या. झाडाच्या जागी फरशी आहे. ती जास्वंद आता असली तर तुझ्याकडेच आहे, आणि तू दोरा वर ठेवला असशील तर कुठेच नाही. हे पत्र पोचेपर्यंत काड्या लावून महिना उलटून गेलेला असेल, आता उलटसुलट करून उपयोग नाही, हे मला कळतं. तरी लिहिते. दोरा खाली. दोरा खाली, पोरी.

८ एप्रिल

पोरी,

काही लिहिण्यासारखं नाही, तरी लिहिते.

टपालवाला गल्लीत शिरला की मशीनवरचा पाय आपोआप थांबतो. तो विजेचं बिल देतो, मी "आणखी काही?" विचारते, तो "नाही" म्हणतो. आता तो विचारायच्या आधीच "नाही" म्हणतो.

काल गाडीवाली माझ्यापाशी येऊन बसली. तुझ्याच स्टुलावर. तिला काय माहीत!

"मावशी, तुम्ही त्यांना फोन का करत नाही? नंबर मी मिळवून देते."

"तिने नको म्हटलंय."

"मग मी करू? मी विचारते काड्या जगल्या का."

"नको गं. तू तर नकोच."

तिचं तोंड एवढंसं झालं. मग म्हणाली, "ते झाड माझ्यामुळे गेलं ना? मला कुणी सांगितलंच नाही. मी गाडी रस्त्यावरही लावली असती." आता बोल! एवढं मोठं झाड गेलं आणि ते वाचवायला एक वाक्य पुरलं असतं. या घरात वाक्यांचा फार तुटवडा आहे.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि तो ठेवताना मला तुझी पाठ आठवली, हे तिला कळू दिलं नाही.

खरं सांगते, आता जास्वंदीचं मला तितकं राहिलेलं नाही. झाडं काय, रोपवाल्याकडे रांगेने उभी आहेत. मला एवढंच कळायला हवंय की तुला आठवत होतं की नाही. काड्या वाळल्या असतील तर वाळल्या म्हणून कळव. पण मग मी धरून चालेन की जे काही होतं ते माझ्याच बाजूला होतं, आणि तुझ्या बाजूला मी केव्हाच उसवून टाकलेली आहे.

हे पत्र टाकू की नको असा विचार करत होते. टाकते.

२७ एप्रिल

माझी भिंगवाली,

आज टपालवाल्याने "नाही" म्हटलं नाही.

लिफाफ्यात पत्र नव्हतं, नुसता एक फोटो. आधी मी खिडकीत धरला, मग गाडीच्या काचेचं ऊन पडतं तिथे धरला, मग जरीच्या कामाची भिंगाची काच काढली. तुझ्या दुकानातला काउंटर, त्यावर ओळीने कुंड्या, आणि कुंड्यांत काड्या. एक वाळलेली आहे, ती मी पाहिली, तू ती उगाच कडेला सरकवू पाहिलीस. बाकी सगळ्यांना पानं आहेत. हिरवी पानं, खरीखुरी, भिंगातून एकेक मोजावं अशी.

मग मी दोरे शोधायला लागले. पहिल्या काडीला दिसेना. दुसऱ्या काडीला दिसेना. मला वाटलं डोळे पुन्हा दगा देतायत. घुम्याला बोलावलं, "लाल काही दिसतंय का रे?" त्याने फोटो डोळ्यांजवळ नेला. "नाही." गाडीवालीला बोलावलं. तिची नजर तरुण आहे. "नाही हो मावशी, लाल कुठेच नाही." आणि मग मी माझ्याच कपाळावर हात मारला. दिसणार कसे? दोरे मातीत आहेत.

मला रडू आलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, तिच्या मापाची पट्टी माझ्या गळ्यात, आणि मी भोकाड पसरलं. ती बिचारी म्हणाली, "राहू दे, नंतर येते." गाडीवालीने पाणी आणलं. घुम्या म्हणाला, "जगल्या ना? मग रडतेस कशाला?" एवढं सलग बोलला. त्याला सांगितलं असतं, तर त्याला तरी काय कळलं असतं!

फोटोच्या मागे तुझं अक्षर आहे. माझं बावीस मार्चचं पत्र वाचूनच लिहिलंयस, हे उघड आहे. "दोरा पहिल्या दिवसापासून खालीच आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय, तपासून घ्या." वर मायना नाही. खाली सही नाही. माझ्यासारखीच अडलीस ना?

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. काउंटरमागे गिऱ्हाइकांचा आरसा आहे. त्यात तू आहेस, अर्धीच. हातात मोबाइल, एक खांदा, आणि केस कापलेले. बारीक झालीस. मी त्या अर्ध्या तुला भिंगाखाली धरून दुपार घालवली. एकटी दिसलीस गं. मला वाटत होतं या सगळ्यात एकटी मीच आहे.

नंबर तपासून घ्या म्हणतेस, तर घेते. इथे जवळपासही चष्म्याची दुकानं आहेत, पण माझा जुना नंबर तुझ्या दुकानात लिहिलेला असेल. तेव्हा मी येणार. फोन करणार नाही, शब्द मोडणार नाही. गिऱ्हाईक म्हणून येईन, बाकी गिऱ्हाइकांबरोबर बाकड्यावर बसेन, आणि कुंड्यांना हात लावणार नाही. तुला बोलायचं नसेल तर नुसती अक्षरं वाचून दाखवीन आणि परत येईन.

फक्त माझी पाळी आली की आतून मला हाक मारावी लागेल. काय म्हणून मारायची, ते तू ठरव.